सॉल्सबरीचं कॅथीड्रल आणि वॉर्डरचा किल्ला एका दिवसात: इंग्लंडात नव्यानं आलेल्यांसाठी

इंग्लंडात येऊन तीन-चार महिने झाले, घर लावून झालं, जुनी का होईना गाडी दारात आली, की पहिली मोठी चक्कर बहुतेक मराठी मंडळी स्टोनहेंजला मारतात. दोरीच्या पलीकडचे दगड बघायचे, सेल्फी काढायचे, वारा खायचा आणि दीड तासात परत. मी स्वतः तेच केलं होतं. आता कोणी विचारलं तर सांगतो, पहिल्या खेपेला स्टोनहेंज सोडा. त्याच टापूत ओल्ड सारम, सॉल्सबरीचं कॅथीड्रल आणि ओल्ड वॉर्डरचा किल्ला अशा तीन जागा आहेत, त्या याच क्रमानं बघा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिलीशिवाय दुसरी कळत नाही आणि दुसरीचा दगड तिसरीच्या शेजारून आलाय.

हाउन्स्लो-स्लाउकडून निघालात तर सॉल्सबरी साधारण पाऊणशे मैल. येऊन-जाऊन, मधलं फिरणं धरून, दिवसभरात १८० मैलांच्या आसपास गाडी होते. एकट्यानं चालवायला हे ठीक आहे, पण रात्रपाळी करून आलेल्या माणसानं करू नये.

आदल्या दिवशी

भारतातलं लायसन्स इथं राहायला आल्यापासून १२ महिने चालतं. पुढं एक दिवसही नाही. भारतीय लायसन्स देऊन इथलं मिळत नाही, थिअरी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात. तेव्हा वर्ष संपत आलं असेल तर सहल नंतर, परीक्षेची तारीख आधी.

गाडी भाड्यानं घेणार असाल तर ती पेट्रोलची की डिझेलची हे चावी घेतानाच विचारून ठेवा. पंपावर भरून द्यायला कुणी नसतं, सगळं आपणच. पेट्रोलचं नॉझल हिरवं, डिझेलचं काळं. आपल्याकडचे रंग डोक्यात ठेवून हात पुढं करू नका, झाकणाच्या आत लिहिलेलं वाचा.

ओल्ड सारम आणि ओल्ड वॉर्डर दोन्ही इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आहेत. वर्षात अशा चार-पाच जागा बघायचा विचार असेल तर सरळ सभासदत्व घ्या, मग दोन्हीकडे वेगळं तिकीट लागत नाही. कॅथीड्रलचं तिकीट स्वतंत्र. वेळा मात्र आदल्या रात्री संकेतस्थळावर बघाच. हिवाळ्यात किल्ल्यांचे दिवस आणि तास दोन्ही कमी होतात आणि डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो. मे ते सप्टेंबर हा खरा मोसम.

रस्त्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. वॉर्डरच्या खोऱ्यात माझं नेटवर्क दर वेळी जातं.

रस्त्यावर

आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं असतं, ही सोय आहे आणि धोकाही. सगळं ओळखीचं वाटतं आणि माणूस गाफील राहतो. तीन गोष्टी पक्क्या ठेवा. गोल चौकात, म्हणजे राउंडअबाउटला, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. पुणेरी पद्धतीनं नाक घालायचं नाही. पांढऱ्या गोलात काळी तिरकी रेघ दिसली की वेगाची मर्यादा उठली असा अर्थ नसतो. दुभाजक नसलेल्या रस्त्याला ताशी ६० मैल, दुभाजक असलेल्याला ७०. आणि समोरच्यानं दिवा मारला तर घाबरून थांबू नका. आपल्याकडे दिवा मारणं म्हणजे ‘मी येतोय, बाजूला हो’. इथं बहुतेक वेळा ‘या, तुम्ही आधी या’ असं म्हणणं असतं. माझा पहिला महिना समोरासमोर दोघं थांबून एकमेकांकडं बघण्यात गेला. तरी दिव्यावर विसंबून गाडी घालू नका, समोरचा खरंच थांबलाय का हे बघूनच पुढं व्हा.

साडेसातला निघा. एम ३ वरून ८ नंबरच्या जंक्शनला ए ३०३ धरायचा. वाटेत फ्लीटच्या सर्व्हिसेसला थांबून पाय मोकळे करता येतात. मोटरवेवरच्या अशा थांब्यांवर पहिले दोन तास गाडी फुकट उभी करता येते, त्यापुढं पैसे. चहा घरून थर्मासमध्ये न्या. तिथल्या चहाचा भाव ऐकून आमच्या बाबांनी एकदा कप परत ठेवला होता.

एम्सबरीला ए ३०३ सोडून ए ३४५ नं दक्षिणेला वळा. पुढं दोनेक मैलांवर स्टोनहेंजपाशी दुपारी जी वाहनांची रांग लागते, ती सुरू व्हायच्या आत तुम्ही बाहेर पडलेले असता. पंधरा-वीस मिनिटांत उजव्या हाताला गवतानं झाकलेली, कडांना मुद्दाम खणल्यासारखी टेकडी दिसते. ते ओल्ड सारम.

ओल्ड सारम: किल्ला आधी, चर्च नंतर, भांडण कायम

गड फिरलेल्या मराठी माणसाला ही जागा दोन मिनिटांत उमगते. बाहेरचा प्रचंड मातीचा बांध आणि खंदक लोहयुगातला, रोमन यायच्याही आधीचा. विल्यम राजानं १०६६ ला इंग्लंड जिंकल्यावर या तयार तटबंदीच्या मधोमध आणखी एक खंदक खणून आत किल्ला उभा केला. म्हणजे आपल्या भाषेत मध्ये बालेकिल्ला आणि भोवती माची. तिकीट बालेकिल्ल्याचं, माचीवर फिरायला पैसे नाहीत. १०८६ साली विल्यमनं देशभरच्या मोठ्या जमीनदारांना इथंच बोलावून आपल्याशी इमान राखायची शपथ घ्यायला लावली. पुढं एलिनॉर राणी आपल्या नवऱ्याच्या, दुसऱ्या हेन्रीच्या, कैदेत होती तेव्हा काही काळ इथं होती.

माचीवर, वायव्येच्या कोपऱ्यात, पहिलं कॅथीड्रल होतं. १०९२ साली त्याचं पवित्रीकरण झालं आणि पाचच दिवसांत वादळानं त्याचं नुकसान केलं. आज भिंतींचा पाया तेवढा गवतात आखलेला दिसतो. मुलांना त्या रेघेवरून चालत पूर्ण फेरी मारू द्या, मग नुसतं बघून कळत नाही ते आकारमान पायांना कळतं.

आम्ही आईबाबांना घेऊन गेलो तेव्हा बाबा आत शिरल्या शिरल्या म्हणाले, “टाकी कुठं आहेत?” राजगड-तोरण्यावर निम्मं आयुष्य काढलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असणार. बालेकिल्ल्यात एक खोल विहीर आहे, पण सह्याद्रीतल्यासारखी कातळात खोदलेली, पावसाचं पाणी साठवणारी टाकी नाहीत. खाली खडू, म्हणजे पाणी शोषून घेणारा पांढरा चुनखडक. बाबा विहिरीत वाकून बघत होते. “एवढ्यावर शिबंदीही आणि भटजीही? भांडणार नाहीत तर काय!”

नेमकं तेच झालं होतं. पाण्याची टंचाई, प्रार्थना ऐकू येऊ न देणारा वारा आणि किल्ल्यावरच्या शिपायांशी रोजचे खटके याला कंटाळून पाद्र्यांनी थेट पोपकडं दाद मागितली आणि खाली नदीकाठी नवं कॅथीड्रल बांधायची परवानगी मिळवली. गावही त्यांच्या मागोमाग खाली उतरलं. टेकडी ओस पडली.

ओस पडली तरी तिचे दोन खासदार मात्र १८३२ पर्यंत निवडून जात राहिले! मतदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तिथं राहणारं कुणीच नाही. ही जहागीर विकत घेणारा टॉमस पिट पुढं मद्रासचा गव्हर्नर झाला. गोवळकोंड्याच्या खाणीतला ४१० कॅरटचा कच्चा हिरा मिळवून फ्रान्सच्या राजघराण्याला विकणारा तो हाच. त्याचा नातू विल्यम पिट १७३५ साली याच रिकाम्या टेकडीचा खासदार म्हणून पार्लमेंटात शिरला आणि पुढं पंतप्रधान झाला.

इथं एक ते सव्वा तास पुरे. निघण्याआधी दक्षिणेच्या बांधावर उभं राहा. खाली तीन किलोमीटरवर कॅथीड्रलचा कळस दिसतो. पुढच्या मुक्कामाची दिशा विचारायला फोन लागत नाही.

गाडी कुठं लावायची

सॉल्सबरीच्या मध्यवस्तीत गाडी घालू नका, निदान मंगळवारी आणि शनिवारी तरी. त्या दोन दिवशी चौकात बाजार भरतो. ओल्ड सारमजवळच बीहाइव्ह नावाचा पार्क अँड राइडचा तळ आहे. गाडी तिथं लावायची आणि बसनं गावात जायचं. त्या दिवशी बस आहे ना, शेवटची किती वाजता, हे मात्र आधी बघा.

गावातल्या वाहनतळात लावलीच, तर यंत्रात गाडीचा नंबर टाकताना इंग्रजी ओ आणि शून्य यांत गफलत करू नका. दुसऱ्या एका गावात मी तेच केलं. पैसे भरलेले, पावती खिशात, तरी दोन आठवड्यांनी घरी दंडाचं पत्र. पावतीचा फोटो काढलेला होता म्हणून सुटलो. तेव्हापासून पावतीचा फोटो काढल्याशिवाय मी गाडीपासून हलत नाही.

कॅथीड्रल

पहिली शंका सगळ्यांच्या मनात असते, म्हणून आधीच सांगतो. चपला-बूट काढायचे नसतात. टोपी घातली असेल तर पुरुषांनी ती काढायची. प्रार्थना चालू असेल तेव्हा फोटो नाहीत, फिरणंही नाही, मागच्या खुर्चीत गप्प बसायचं. बसलात तर कुणी तुमचा धर्म विचारत नाही. संध्याकाळच्या गायनप्रार्थनेला, म्हणजे ईव्हनसाँगला, तिकीट लागत नाही. मुलामुलींच्या आवाजातलं ते गाणं ऐकायला मिळालं तर वॉर्डर दुसऱ्या दिवसावर टाकलं तरी चालेल असं माझं मत आहे. बायकोचं नाही.

१२२० साली पायाभरणी, १२५८ ला मुख्य इमारत तयार. युरोपातली कॅथीड्रलं शंभर-दोनशे वर्षं रेंगाळत, त्यात प्रत्येक पिढी आपली शैली घुसडत असे. हे ३८ वर्षांत उरकलं, म्हणून आतून ते एकाच माणसानं एका दमात सांगितल्यासारखं दिसतं. कळस मात्र नंतरचा, चौदाव्या शतकातला. त्याची उंची १२३ मीटर, ब्रिटनमधल्या चर्चच्या कळसांमध्ये सगळ्यात जास्त.

आता गंमत बघा. एवढी इमारत जेमतेम चार फूट खोल पायावर उभी आहे. खाली नदीची ओली वाळू-खडी. टेकडीवर पाणी मिळेना म्हणून खाली आले, तर इथं जमिनीखाली हाताच्या अंतरावर पाणी! आजही फरशीतल्या एका भोकातून काठी घालून पाण्याची पातळी मोजतात. पातळी फार वाढूनही चालत नाही आणि उतरूनही. आणि मूळ आराखड्यात नसलेला सुमारे साडेसहा हजार टनांचा मनोरा-कळस या पायावर नंतर चढवलाय.

हे वजन डोळ्यांनी बघायचं असेल तर कळसाच्या बरोबर खाली, आडव्या-उभ्या भागांच्या चौफुलीवर जा. चारही कोपऱ्यांच्या मोठ्या खांबांना लगटून परबेक दगडाचे काळपट, बारीक दांडे वर गेलेत. एका दांड्याला गाल टेकवल्यासारखं उभं राहून वर बघा. तो सरळ नाही. मधोमध पोट आल्यासारखा वाकलाय. चांगला दगड, पण ओझ्यानं बाक आलेला. डोक्यावर पाण्याची घागर घेतलेली बाई कमरेत किंचित लचकते ना, तसा. १६६८ साली क्रिस्टोफर रेन या वास्तुकारानं मोजणी केली तेव्हा कळस दोन फुटांहून जास्त कललेला निघाला. तेवढा कल घेऊन तो आजही उभा आहे.

उत्तरेच्या बाजूला लोखंडी सांगाडा दिसेल. ते घड्याळ आहे. त्याला तबकडी नाही, काटे नाहीत. ते फक्त तासाचे ठोके द्यायचं. १३८६ च्या सुमाराचं, चालू स्थितीतल्या जगातल्या सर्वांत जुन्या यांत्रिक घड्याळांपैकी एक. मध्यभागी विल्यम पाय या शिल्पकारानं २००८ साली केलेलं पाण्याचं पात्र आहे. पाणी इतकं निश्चल की खिडक्या त्यात उलट्या दिसतात. मुलं त्याला पाट समजून त्यावर पर्स, पाण्याच्या बाटल्या ठेवायला जातात, तेवढं सांभाळा.

शेवटी चॅप्टर हाउस, म्हणजे पाद्र्यांच्या बैठकीची अष्टकोनी खोली. तिथं १२१५ चा मॅग्ना कार्टा ठेवलाय. राजालाही कायदा लागू हे कबूल करून घेणारी सनद. त्या वर्षीच्या फक्त चार प्रती उरल्यात, त्यातली ही एक. अपेक्षा मोठ्या ठेवून गेलात तर दचकाल. एका कातड्यावर मुंगीच्या पायाएवढ्या लॅटिन अक्षरांचा गच्च मजकूर, बस. अंधारात डोळे सरावेपर्यंत दोन मिनिटं थांबा, ओळींमधलं हाताचं वळण दिसायला लागतं. मोडी कागद बघितलेल्यांना ते जास्त भावतं. फोटो काढू देत नाहीत.

मनोऱ्यावर ३३२ पायऱ्या चढून जाता येतं, आधी नाव नोंदवून, गटानं. वर कळसाच्या पोटात मध्ययुगातलं लाकडी परांचीचं काम अजून तसंच आहे. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी जरूर जावं, पण त्याला दीड तास जातो. त्या दिवशी वॉर्डर धावतपळत होईल.

जेवण बाहेरच्या हिरवळीवर. दशम्या, दाण्याची चटणी, कोरडी बटाट्याची भाजी असं काही न्या. लोक तिथं बसून खातात, फक्त कागद-पिशव्या उचलून आणायच्या. जेवून झाल्यावर आवाराच्या भिंतीच्या कडेनं चाला. हे आवार बांधताना चौदाव्या शतकात राजाच्या परवान्यानं टेकडीवरच्या जुन्या कॅथीड्रलचे दगड आणून वापरले. साध्या दगडांत मध्येच एखादा नक्षीचा, उलटासुलटा बसवलेला तुकडा दिसतो. सकाळी गवतात नुसता पाया बघितला होता ना, त्याचा वरचा भाग इथं आहे.

टिसबरीमार्गे वॉर्डर

उशिरात उशिरा दोनला निघा. विल्टनवरून ए ३० नं बार्फर्ड सेंट मार्टिन, तिथून उजवीकडं बी ३०८९. डिंटन, टेफाँट, चिल्मार्क अशी दगडी घरांची गावं लागतात. कॅथीड्रलचा फिकट, पिठूर रंगाचा दगड याच भागातल्या खाणींतला. तुम्ही पंचवीस मिनिटांत आलेलं अंतर तो दगड बैलगाड्यांतून उलट दिशेनं गेला.

टिसबरीकडं वळलात की रस्ता अरुंद होतो. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर झुडपांची कुंपणं, एका वेळी एकच गाडी. ठरावीक अंतरावर रस्ता थोडा रुंद केलेला असतो. समोरून गाडी आली तर ज्याच्या मागं ही जागा जवळ, त्यानं मागं जायचं. यात मोठी गाडी, छोटी गाडी असा मान नसतो. पहिल्यांदा माझ्यासमोर ट्रॅक्टर आला. रिव्हर्स घेताना आरशात नुसता पाला, शेजारी सासूबाई रामरक्षा म्हणतायत. ट्रॅक्टरवाला इंजिन बंद करून शांत बसून राहिला. शेवटी मी जागेत शिरलो तेव्हा त्यानं स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. इथलं ‘धन्यवाद’ एवढंच, तुम्हीही तसंच उचला. त्या जागांमध्ये गाडी लावून फोटो काढू नका. घोडेस्वार दिसले तर वेग १० मैलांवर आणायचा आणि किमान दोन मीटर अंतर ठेवून जायचं. हॉर्न अजिबात नाही.

टिसबरीच्या चर्चपाशी दहा मिनिटं थांबा. इथल्या दफनभूमीत लॉकवुड किपलिंग आणि त्याची बायको ॲलिस यांच्या कबरी आहेत. हा १८६५ साली मुंबईला जे. जे. कला शाळेत शिकवायला आला. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी कमानींवर कोरलेली शेतकऱ्यांची शिल्पं त्याच्या हातची. फळं घ्यायला जाताना आपण ज्यांच्याखालून शंभरदा गेलो, ती. निवृत्तीनंतर तो या खेड्यात येऊन राहिला.

ओल्ड वॉर्डर

तिथून दोन मैलांवर किल्ला. ओल्ड सारम हे लढायचं ठाणं होतं, वॉर्डर म्हणजे तटबंदीच्या वेशातला वाडा. १३९३ साली लॉर्ड लव्हेलनं राजाकडून परवाना काढून बांधलेला, षट्कोनी, मध्ये सहा बाजूंचा चौक. इंग्लंडात असा आकार दुर्मीळ. पुढं तो अरंडेल घराण्याकडं आला.

मे १६४३, राजा आणि पार्लमेंट यांच्यातली यादवी. घरधनी राजाकडून लढायला गेलेला. घरात साठीची लेडी ब्लांच, पंचवीसेक लढणारी माणसं आणि नोकर-चाकर. बाहेर पार्लमेंटचे तेराशे. बाईनं पाच-सहा दिवस किल्ला लढवला आणि मग अटी घालून तो सोडला. नवरा त्याच महिन्यात गेला. मग मुलगा हेन्री आपलंच घर परत घ्यायला सैन्य घेऊन आला, वेढा घातला, आणि मार्च १६४४ मध्ये सुरुंग उडाला. किल्ला मिळाला, पण एक बाजूच ढासळलेली. घर पुन्हा राहण्याजोगं झालं नाही. प्रवेशद्वारातून चौकात आलात की समोर जे भगदाड दिसतं आणि त्यातून जे आकाश दिसतं, ते या मुलाचं काम.

वर जायला गोल जिने आहेत. पायऱ्या झिजून मध्ये खोलगट झाल्यात, पाऊस पडून गेला असेल तर निसरड्या. बाहेरच्या भिंतीकडची रुंद बाजू धरून चढा, उतरताना हात मोकळे ठेवा. ज्येष्ठांना वर नेलंच पाहिजे असं नाही. तळ्याकाठच्या हिरवळीवर बसून किल्ला जास्त चांगला दिसतो. आईनं तिथंच उरलेली दशमी काढली होती. शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या आधी निदान तासभर हातात राहील अशा बेतानं पोचा.

परत येताना

आलात त्या रस्त्यानं सॉल्सबरीला जायची गरज नाही. टिसबरीहून फॉन्टहिल बिशपवरून वर ए ३०३ ला लागा आणि पूर्वेकडं वळा. निघण्याआधी टाकीत पेट्रोल किती आहे बघा, त्या गल्ल्यांमध्ये पंप शोधत बसू नका. विंटरबोर्न स्टोकच्या पुढं दोन्ही दिशांना एकेकच लेन आहे, तिथं गाड्या हमखास तुंबतात. चिडू नका, मागच्या सीटवरच्यांना डाव्या खिडकीपाशी सरकायला सांगा. शेतापलीकडं, उतरत्या उन्हात, स्टोनहेंज अख्खं दिसतं, आणि रांग इतकी हळू सरकते की फोटो हलत नाहीत.